मानलेलं यंत्र सुरू होईना

आमच्या फौंड्रीतला कॉम्प्युटर बंद पडला नव्हता. त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी नुसतं तोंड उघडलं तरी लोकांना वाटायचं, ही आता भांडणार. कॉम्प्युटर व्यवस्थित चालू होता. स्टोअर्समधला टर्मिनल, म्हणजे त्याला जोडलेला पडदा आणि की-बोर्ड, चालू होता, अकाउंट्समधला चालू होता. सुरू होत नव्हतं ते त्याच्या पोटातलं दुसरं यंत्र. ते डोळ्यांना दिसत नव्हतं, त्यामुळं ते बिघडलंय म्हणजे कुणीतरी बिघडवलंय एवढंच लोकांना समजत होतं. आणि त्या खोलीत बसणारी मी एकटीच होते.

ऐंशीच्या दशकातली ती शेवटची वर्षं. मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका जात तशीच. मी निपाणीत बी.एस्सी. केलं, कोल्हापुरात कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, लोखंड ओतायच्या एका फौंड्रीत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. राहायला वडगावात, एका विणकराच्या घरी मागची खोली होती. पहाटेपासून भिंतीपलीकडं मागांचा खडखडाट चालायचा. पहिल्या महिन्यात मला वेड लागायची पाळी आली होती, नंतर तो थांबला की जाग यायची. तिथून सायकलनं कामावर जायचे.

मुलाखतीत मॅनेजर साहेबांनी मला आधी आडनाव विचारलं, मग गाव. निपाणी म्हटल्यावर विचारलं, "निपाणीत कुठं?" हा प्रश्न काय विचारतो ते आमच्याकडच्या प्रत्येकाला ठाऊक असतं. काही जण मोघम काहीतरी सांगतात, बसस्टँडजवळ वगैरे. मी म्हटलं, "बुद्धविहाराच्या मागं." साहेब "असं होय" म्हणाले आणि समोरचा पेपरवेट उगाच सरळ केला. मालक शेजारी बसले होते. त्यांनी कॉम्प्युटरबद्दल चारदोन प्रश्न विचारले, मला ते येत होते, म्हणून मी लागले. साहेबांच्या मनात काय होतं ते मी कधी विचारलं नाही. पण त्यानंतर ते माझ्याशी कायम अगदी नीट, तुटक, छापल्यासारखं बोलत.

कॉम्प्युटरची खोली म्हणजे सगळ्या कारखान्यातली एकमेव थंड जागा. बाहेर भट्टीची धग, काळी वाळू, माणसं घामानं निथळत असलेली. आणि आत एसी, काचेचं दार, दारावर चपला काढायच्या. आमच्या आजीला ज्या गावात देवळाची पायरी चढू देत नसत, तिथून पंचवीस-तीस कोसांवर तिच्या नातीच्या खोलीत शिरताना लोक चपला काढत. मला हे पहिल्या दिवशीच जाणवलं होतं आणि मला त्याचा आनंदही झाला होता. तो मी लपवत नाही.

आता त्या पोटातल्या यंत्राबद्दल. फौंड्रीत आधी एक छोटा कॉम्प्युटर होता. बेंगळूरच्या कुणीतरी त्याच्यासाठी सर्टिफिकेटचा प्रोग्रॅम करून दिला होता. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाचा एक घाणा निघाला की त्याला नंबर पडतो, त्याला हीट नंबर म्हणतात. त्या घाण्यातलं कार्बन किती, सिलिकॉन किती, ताकद किती, हे लॅबमधून येतं आणि त्याचं सर्टिफिकेट छापून मालाबरोबर जातं. सर्टिफिकेट नसेल तर गिऱ्हाईक माल उतरवूनच घेत नाही. पुढं कधी एखादं कास्टिंग, म्हणजे ओतलेला भाग, तडकलं तर त्याच्यावरच्या नंबरावरून मागचं सगळं शोधता येतं.

मग मालकांनी पुण्याच्या एका कंपनीकडून मोठा कॉम्प्युटर घेतला, ज्याला एकाच वेळी अनेक टर्मिनल जोडता येतात. छोटा विकून टाकला. पण बेंगळूरचा प्रोग्रॅम मोठ्यावर चालेना; त्याला जुना, छोटाच कॉम्प्युटर लागत होता. तेव्हा पुण्याच्या कंपनीच्या इंजिनिअरनं एक युक्ती केली. मोठ्या यंत्रानं आपल्या मेमरीतला एक तुकडा बाजूला काढायचा आणि त्याला सांगायचं, तू एक स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर आहेस. त्याला डिस्क म्हणून द्यायची एक मोठी फाइल. प्रिंटर, की-बोर्ड सगळं मोठ्याचंच, पण छोट्याला ते आपलं वाटायचं. इंजिनिअर त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणायचा.

डिस्पॅचला उचगावचे एक अण्णा होते. सकाळी शेताला पाणी पाजून कामावर यायचे, पँटच्या घडीत चिखल असायचा. सर्टिफिकेट न्यायला ते दररोज माझ्या दाराशी उभे असत. त्यांनी एकदा विचारलं म्हणून मी हे सगळं समजावून सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे मानलेल्या भणीगत की ओ आक्का. रक्ताची न्हाय, पर राखी बांधती." तेव्हापासून आम्हा दोघांत त्याचं नाव मानलेलं यंत्र असंच पडलं.

एका शुक्रवारी सकाळी ते सुरू होईना.

नेहमीची आज्ञा टाइप केली. पडदा पुसला गेला, कोपऱ्यात कर्सर लुकलुकला. एरवी यानंतर मेमरी मोजल्याचे आकडे पळायचे, एक बारीक शिटी वाजायची आणि छोटा कॉम्प्युटर उभा राहायचा. त्या दिवशी कर्सर नुसताच लुकलुकत राहिला आणि मग एकच ओळ आली, की मशीन सुरू करता येत नाही. का येत नाही, याबद्दल एक अक्षर नाही. पुन्हा केलं, तेच. सगळ्यांना टर्मिनलवरचं काम थांबवायला सांगून मोठा कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. मोठा आला. छोटा नाही.

बाहेर पुण्याकडं जाणारी लॉरी भरून उभी होती. अण्णा दारात आले, माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता परत गेले.

मला पहिली भीती वाटली ती डिस्कच्या फाइलची. छोट्याचं सगळं आयुष्य त्या एका फाइलीत होतं. तीच खराब झाली असेल तर संपलं. ती फाइल उघडायचा मला अधिकार नव्हता, पण ती किती मोठी आहे ते बघता येत होतं. होती तेवढीच होती. मग वाटलं, मेमरी कमी पडत असेल. स्टोअर्स आणि अकाउंट्सच्या लोकांना विनंती करून थोडा वेळ टर्मिनल सोडायला लावले, पुन्हा करून बघितलं. तेच. म्हणजे माझे दोन्ही अंदाज चुकले. यापुढं बघायचं तर कॉम्प्युटरचा मुख्य पासवर्ड लागणार होता, आणि तो पुण्याच्या इंजिनिअरकडं होता. माझ्याकडं ठेवायला साहेबांनी सुरुवातीलाच नकार दिला होता.

साहेबांनी पुण्याला फोन लावला. मी घाईत अनवाणीच येऊन त्यांच्या केबिनच्या बाहेर उभी होते. केबिनमध्ये ते सहसा कुणाला बोलवत नसत. मला एकाच बाजूचं बोलणं ऐकू येत होतं. "हो... हो... बाईच बसते त्याच्यावर... नाही, दुसरं कोणी नाही... असेल, असेल." मग ते बाहेर आले. त्यांनी सांगितलं, की इंजिनिअर सोमवारी येतो. ऑपरेटरच्या हातून एखादी फाइल पुसली गेली असणार असं त्याचं मत आहे. सगळं काढून नव्यानं भरावं लागेल.

मी विचारलं, आतल्या सर्टिफिकेटांचं काय.

ती जातील, ते म्हणाले. आजवरची सगळी. कागदावरच्या नकला आहेत की.

नकला होत्या, पण त्या कपाटाला वाळवी लागली होती आणि निम्मे गठ्ठे हातात घेतले की भुगा व्हायचे. मी तसं सांगितलं. मी काहीही पुसलेलं नाही, हेही सांगितलं. फाइल शाबूत आहे, तिचा आकार मी बघितलाय, बिघाड दुसरीकडं कुठंतरी आहे, शोधला तर सापडेल. साहेब ऐकून घेत होते, पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडं भट्टीकडं होती. मग त्यांनी हात पुढं केला.

"किल्ली द्या. सोमवारपर्यंत त्या मशीनला तुम्ही हात लावायचा नाही."

मी किल्ली दिली. रागानं माझे कान गरम झाले होते. हात लावायचा नाही हे शब्द त्यांच्या डोक्यात कशासाठी आले असतील ते त्यांचं त्यांना माहीत. कदाचित साधेच आले असतील. पण ते माझ्या घरात साधे नव्हते. माझ्या आधीच्या सगळ्या पिढ्यांनी ते ऐकले होते. विहिरीवर, दुकानात, कुणाच्या उंबऱ्यावर. मी ते बी.एस्सी.ची पदवी घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर अनवाणी उभी राहून ऐकले. मला रडू आलं नाही. मी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दाराशी जाऊन चप्पल घातली आणि लॅबमध्ये गेले.

लॅबमधून त्या दिवशीचे आकडे घेतले, ऑफिसातला जुना टाइपरायटर पुढं ओढला आणि लॉरीची सर्टिफिकेटं हातानं टाइप केली. रेषा आखल्या, तळाला सहीची जागा सोडली. साहेबांनी सही केली. दुपारी लॉरी गेली. अण्णांनी जाताना सांगितलं, की स्टोअर्समध्ये बोलालेत, बाईनं मशीन मोडली म्हणून. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? ते म्हणाले, "मी म्हटलं, मोडली तर मोडली, पर लॉरी कुणी सोडली ते बी बोला."

शनिवारीही मी टाइपरायटरवरच बसले. काचेच्या दारातून आतला दिवा दिसत होता. कुठल्याही कारणाशिवाय चालू यंत्र बंद होत नसतं. गुरुवारी संध्याकाळी मी घरी गेले तोवर ते चालत होतं. एवढं एकच माझ्याकडं होतं आणि ते मी मनात धरून बसले होते.

रविवारी निपाणीला गेले. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तिच्या बोटांना तंबाखूचा वास कायमचा होता, साबणानं जात नसे. मी सगळं सांगितलं. आई काय म्हणेल याची मला खात्री होती. मी लहान असताना वखारीच्या दारात बायका मजुरीसाठी उन्हात ठाण मांडून बसल्या होत्या, पोलीस आले तरी उठल्या नव्हत्या, आणि त्यात माझी आई पुढं होती. मला तिनं तेव्हा शेजारणीकडं ठेवलं होतं. तिच्याकडून दोन जोरकस शब्द ऐकायलाच मी आले होते म्हणा ना.

आई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, "चुकलं म्हण आणि मोकळी हो."

माझी चूक नाही, मी म्हटलं.

"न्हाय हे मला कळतंय गं. त्यास्नी कळवून काय करणार हाईस? इतकी शिकलीस, खुर्चीवर बसतीस. ती खुर्ची सांभाळ. आमी भांडलो ते तुला भांडाय लागू नये म्हणून."

"मग मला भांडू द्यायचंच नव्हतं तर तू भांडलीस कशाला?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, जाळ कमी केला. आम्ही दोघी जेवलो. मला तिचा राग आला होता आणि तिचं भय मला दिसतही होतं. पोलिसांसमोर ती स्वतःसाठी भ्याली नव्हती. माझ्यासाठी ती एका मॅनेजरला भीत होती. निघताना तिनं बसस्टँडपर्यंत पिशवी धरली. बस सुटायच्या आधी खिडकीतून माझा हात दाबून एवढंच म्हणाली, "आवाज चढवू नगंस. बाकी तुझं तू बघ." मी हो म्हटलं. आवाज न चढवण्याचं मी कबूल केलं. दुसरं काही कबूल केलं नाही.

सोमवारी सकाळी इंजिनिअर आला. माझ्याहून जेमतेम मोठा असेल. पुण्याहून रात्रभर बसनं आला होता, डोळे तांबारलेले, हातात फ्लॉपींचा डबा. वाईट माणूस नव्हता. त्यानं मला नमस्कार केला आणि चहा मिळेल का विचारलं. साहेबांनी खोली उघडून दिली. तो बसला, चारदोनदा मशीन सुरू करून बघितलं, तीच ओळ आली. त्यानं खांदे उडवले आणि फ्लॉपींचा डबा उघडला.

मी दारात उभी होते. विचारलं, "काय करताय?"

"सगळं काढून नव्यानं भरतो. दुपारपर्यंत होईल."

मी आत गेले आणि तो डबा उचलून माझ्याकडं घेतला. हे मी ठरवून केलं नव्हतं. डबा हातात आल्यावर मात्र तो सोडायचा नाही हे ठरवलं. मी सावकाश सांगितलं, की आत आमची सगळी सर्टिफिकेटं आहेत, फाइल शाबूत आहे, आणि बिघाड काय आहे हे कळल्याशिवाय मी हे पुसू देणार नाही. तो गोंधळला. म्हणाला, कारण शोधत बसायला वेळ नाही, संध्याकाळी त्याला हुबळीला जायचंय. मी म्हटलं, मग हुबळीला जाऊन या, आम्ही थांबतो. त्यानं साहेबांना बोलावून आणायला माणूस पाठवला. साहेबांनी उलट मलाच केबिनमध्ये बोलावलं.

म्हणून मी त्या केबिनमध्ये गेले. डबा काखेत होताच. साहेब खुर्चीत बसून बोलत होते. शिस्त, जबाबदारी, बाहेरच्या कंपनीच्या माणसाचा अपमान. मी ऐकत होते, आणि ऐकता ऐकता माझी नजर त्यांच्या डाव्या बाजूच्या टेबलाकडं गेली. तिथं एक नवाकोरा टर्मिनल होता. त्याच्यावर अजून प्लॅस्टिक होतं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत लॉगिन हा शब्द येऊन थांबला होता.

केबिनमध्ये टर्मिनल येणार हे मला माहीत होतं. केबल कधीच टाकून झाली होती. पण तो आलाय आणि चालू झालाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेबांचं बोलणं चालू असतानाच मी विचारलं, "हा कधी लावला?"

ते थांबले. "गुरुवारी संध्याकाळी. तुम्ही गेल्यावर. का?"

कुणी लावला, मी विचारलं. त्यांनी स्वतः लावला होता. इंजिनिअरनं फोनवर पासवर्ड आणि काय टाइप करायचं ते सांगितलं, त्यांनी केलं. सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता, आणि तो रास्त होता; पहिल्याच झटक्यात जमलं होतं त्यांना.

स्टोअर्स आणि अकाउंट्सच्या केबली एका वेगळ्या पेटीत जायच्या; त्याशिवाय मोठ्या कॉम्प्युटरच्या मागं केबल खोचायची आणखी दोन तोंडं होती, त्यांना पोर्ट म्हणतात. मानलेलं यंत्र पहिल्यांदा उभं केलं तेव्हा इंजिनिअरनं मला दाखवत दाखवत काम केलं होतं, आणि छोट्याला त्यानं सगळंच देऊन टाकलं होतं, दुसरा पोर्टसुद्धा. तेव्हा तो रिकामाच होता. कुणाला लागत नव्हता. आता त्याच पोर्टवर साहेबांचा टर्मिनल बसला होता. छोटा जागा झाला की आपल्या सगळ्या वस्तू मोजून घेतो. पोर्ट मागायचा, तो दुसऱ्याच्या ताब्यात, आणि हा हटून बसायचा.

मी साहेबांना म्हटलं, "मशीन का सुरू होत नाही ते बहुतेक मला कळलंय. हा टर्मिनल थोडा वेळ बंद करावा लागेल."

"हा? हा कशाला?" ते म्हणाले. "याचा काही संबंध नाही. तुम्ही जा, त्याला त्याचं काम करू द्या."

मी गेले. पण त्याला काम करू द्यायला नव्हे. इंजिनिअरला मी विचारलं, की छोट्याला दुसरा पोर्ट दिलाय का. त्यानं आठवून हो म्हटलं. मग मी केबिनमधलं सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "शक्य आहे," तो म्हणाला. "गुरुवारी मीच सांगितलं त्यांना फोनवर. हे लक्षातच आलं नाही." हे तो सरळ बोलला, याचं मला बरं वाटलं. त्यानं मुख्य पासवर्ड टाकला आणि त्या पोर्टवरचं लॉगिन बंद करायची आज्ञा टाइप करणार, तेवढ्यात मी म्हटलं, मी करते.

तो खुर्चीतून उठला. मी बसले, डबा मांडीवर ठेवला आणि आज्ञा दिली. केबिनमध्ये साहेबांचा पडदा गप्प झाला असणार, कारण ते लगेच बाहेर आले. चपला न काढता आत आले.

मी छोटं यंत्र सुरू केलं. पडदा पुसला गेला. कर्सर लुकलुकला. आणि तीच ओळ आली.

साहेब म्हणाले, "बघा. आता तरी त्याला करू द्या."

त्या क्षणी मी हरले असं खोलीतल्या सगळ्यांना वाटलं, इंजिनिअरलाही. त्यानं डब्यासाठी हात पुढं केला. पण अंदाज चुकीचा नाही असं मन सांगत होतं, आणि आईला दिलेल्या शब्दाप्रमाणं आवाज न चढवता मी म्हटलं, "नाही. साहेब, थांबा. इथं उभे राहा हवं तर, पण थांबा."

ते थांबले. का थांबले, मला आजही कळलेलं नाही.

मी विचार केला, की लॉगिन बंद केलं, तरी छोट्याला पोर्ट कुणाच्या तरी ताब्यात दिसतोय. कुणाच्या? मोठा कॉम्प्युटर एखादा पोर्ट कुणाला दिला की तशी नोंद म्हणून एक बारीकशी फाइल करून ठेवतो. खोलीच्या दारावर आत माणूस आहे अशी पाटी लावावी तशी. माणूस निघून गेला पण पाटी काढायची राहिली तर? मी इंजिनिअरला विचारलं, त्या पाट्या कुठं असतात. त्यानं जागा सांगितली. मी यादी काढली. दुसऱ्या पोर्टची पाटी तिथं लटकत होती. आत कुणी नव्हतं.

मी ती पुसली. त्या सगळ्या आठवड्यात मी पुसलेली ती एकुलती एक फाइल.

पुन्हा आज्ञा दिली. पडदा पुसला गेला, कर्सर लुकलुकला, आणि मेमरीचे आकडे पळायला लागले. बारीक शिटी वाजली. सर्टिफिकेटचा प्रोग्रॅम उघडला, मी एक जुना हीट नंबर टाकला आणि त्याचे सगळे आकडे समोर आले. कार्बन, सिलिकॉन, ताकद. इंजिनिअर हसला. मी हसले नाही, कारण काम अजून व्हायचं होतं. छोट्याला दुसरा पोर्ट कधीच लागत नव्हता. इंजिनिअरनं मला ती सेटिंगची फाइल दाखवली, मी त्यातली ती ओळ काढून टाकली. मग साहेबांचा टर्मिनल पुन्हा चालू करता आला असता. दोन्ही एकत्र चालले असते. तेवढंच करायचं होतं, आणि मी हात की-बोर्डवरून काढून घेतले.

"साहेब," मी म्हटलं, "तुमचा टर्मिनल आता सुरू करते. पण मुख्य पासवर्ड माझ्याकडंही राहील. आणि किल्लीही."

ते म्हणाले, ते नंतर बघू.

मी म्हटलं, मग टर्मिनलही नंतर बघू.

इंजिनिअर फ्लॉपींच्या डब्याकडं बघत होता. मग त्यानं हळूच सांगितलं, की खरंतर मशीनवर बसणाऱ्या माणसाकडं पासवर्ड असायलाच हवा, त्यांच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडं तसंच असतं. साहेबांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातात दिली नाही, टेबलावर ठेवली. मी उचलली. टर्मिनल चालू केला.

दुपारी मालक आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की पुण्याच्या माणसानं मशीन दुरुस्त केली. ते खोलीत आले, इंजिनिअरच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, छान काम केलं, लवकर केलं. इंजिनिअर काहीतरी बोलणार होता, अडखळला. आपल्याकडं बाईमाणसानं अशा वेळी खाली बघून गप्प उभं राहायचं असतं, कुणीतरी मोठ्या मनानं तिचं नाव घेईपर्यंत. मी थांबले नाही.

"बिघाड मी शोधला," मी म्हटलं. "आणि दुरुस्तही मी केला. त्यांनी मदत केली."

मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग साहेबांकडं. साहेब म्हणाले, "हो. बाईंनीच केलं." पुढं त्यांनी काही जोडलं नाही, आणि शुक्रवारबद्दल ते माझ्याशी कधीही एक शब्द बोलले नाहीत. मला तो शब्द नको होता असं मी म्हणणार नाही. हवा होता. मिळाला नाही. त्याच्यावाचून मी तिथं आणखी काही वर्षं काढली, मान वर ठेवून काढली.

डिस्पॅचच्या अण्णांना मी संध्याकाळी सर्टिफिकेटं नेऊन दिली. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितले, अक्षरं पुन्हा प्रिंटरची होती. म्हणाले, "काय झालतं ओ त्याला?" मी सांगितलं, की दुसऱ्याच्या दारात आपलं घर आहे असं समजून बसलं होतं. अण्णा म्हणाले, "लई जणांचं असंच असतंय," आणि लॉरीवाल्याला हाक मारत निघून गेले.

त्यानंतरही ते मानलेलं यंत्र अधूनमधून हटून बसायचं. कधी डिस्क भरली म्हणून, कधी वीज गेली म्हणून, एकदा तर कुणीतरी प्रिंटरची केबल लाथेनं उखडली म्हणून. त्या प्रत्येक वेळी केबिनमधून मला बोलावणं यायचं आणि साहेब विचारायचे, पुण्याला फोन लावायचा का. मी म्हणायचे, मी बघते आधी.